बाटलीवरचा माणूस

काका उंच स्टुलावर बसायचे आणि लोक त्यांचे केस ओढायचे.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये एका बाजूला भाजी चिरायची यंत्रं असत, दुसऱ्या बाजूला गुडघेदुखीचे पट्टे. मधल्या टेबलावर तेलाच्या बाटल्यांचा मनोरा. मनोऱ्याशेजारी स्टूल. स्टुलावर काका, मान थोडी पुढे वाकवून. आणि त्यांच्या मागे उभे राहून त्यांचे मोठे भाऊ ओरडायचे.

"ओढा, ओढा! टोप नाही हा. ओ साहेब, टोपीवाले, तुम्हीच या. नुसता हात काय फिरवताय, मांजर आहे का ते? जोर लावा."

टोपीवाला लाजत पुढे यायचा. काकांच्या टाळूवरची बट धरून ओढायचा.

"बायको यापेक्षा जोरात ओढते," काका म्हणायचे.

लोक हसायचे. टोपीवालाही हसायचा. मग काका मान वर करून त्याच्या डोळ्यांत बघायचे आणि त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणायचे. "मी आजवर एकही गोळी खाल्लेली नाही. फक्त हे तेल."

टोपीवाला बाटली घेऊन जायचा.

ते वाक्य खोटं होतं. काका रोज एक गोळी खात होते. आणि ते वाक्य त्यांनी एकदा चुकीच्या ठिकाणी म्हटलं, म्हणून ते आज नाहीत.

बाटलीवर त्यांचेच दोन फोटो होते. डावीकडे टक्कल पडलेले काका, उजवीकडे दाट केसांचे काका. डावीकडचे जास्त तरुण होते, पण ते कुणी बघत नसे. गल्लीतली पोरं त्यांना बाटलीकाका म्हणायची. हे नाव पहिल्यांदा ऐकणारा माणूस जरा लांब सरकायचा. काका मुद्दाम त्याच्या जवळ जाऊन श्वास सोडायचे. "बघा. नुसता चहा."

मी समोरच्या इमारतीत राहायचो. साहित्याची पदवी हातात होती आणि दुसरं काही नव्हतं. दुपारी त्यांच्या कारखान्याच्या पायरीवर सावली यायची, तिथे मी पुस्तक घेऊन बसायचो. काका आत लेबलं चिकटवायचे. त्यांनी माझं नाव पुस्तक्या ठेवलं. मी काय वाचतोय ते विचारायचे आणि लगेच पुढचा प्रश्न, "शेवटी काय होतं रे?" मी शेवट सांगितला की त्यांना हायसं वाटायचं. अर्धवट गोष्ट त्यांना सहन होत नसे.

कारखाना म्हणजे घरामागची एक लांब खोली. एका टोकाला गॅसची मोठी शेगडी आणि तिच्यावर कढई. दुसऱ्या टोकाला बाटल्या भरायचं टेबल. कढईपाशी थोरले, म्हणजे काकांचे भाऊ. टेबलापाशी काका आणि काकू. तिळाच्या तेलात कांदा, मेथ्या, कोरफड आणि जास्वंदीची फुलं मंद आचेवर दिवसभर शिजायची. आमच्या अख्ख्या गल्लीचे कपडे त्या वासाचे झाले होते.

थोरल्यांनी तेलाआधी बरेच धंदे केले होते. कोंबड्या पाळल्या, त्या साथीत मेल्या. सायकली भाड्याने दिल्या, त्या परत आल्या नाहीत. छत्र्या घेतल्या आणि त्या वर्षी पावसाने दडी मारली. नातेवाईक भेटले की विचारायचे, "काय दादा, सध्या काय बुडवताय?" थोरलेही हसायचे. पण घरी येऊन दोन दोन दिवस बोलायचे नाहीत, असं काकू सांगायच्या.

तेल हा त्यांचा शेवटचा डाव होता. पहिला प्रयोग धाकट्या भावावर झाला, दुसरं डोकं होतंच कुठे? दोघांत केसांची वाटणी नीट झाली नव्हती. थोरल्यांना आईकडचे दाट केस मिळाले आणि काकांना वडिलांकडचं टक्कल.

थोरले स्वतः तेल चोळायचे. दर रविवारी मोजमाप असायचं. त्यांची मोजायची पद्धत त्यांचीच. जॅमच्या बरणीचं झाकण घेऊन ते काकांच्या टाळूवर ठेवायचे. झाकणाच्या कडेने केस दिसतात की कातडी, ते बघायचे.

"हलू नकोस, धाकट्या."

"दादा, मी काय भांडं आहे झाकण ठेवायला?"

"गप्प बस. शास्त्र आहे हे."

सुरुवातीला झाकण टकलाला बरोबर बसायचं. वर्षभराने कडेने कातडी दिसायला लागली. थोरल्यांनी डब्याचं मोठं झाकण आणलं. काकू तोंड फिरवून हसू लपवायच्या. मग एका रविवारी थोरल्यांनी झाकण ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं, आणि शेगडी बंद करून खाली बसले.

"हेही बुडणार," ते म्हणाले. "मी ज्याला हात लावतो त्याची माती होते, धाकट्या."

काकू हसल्या नाहीत.  दुसऱ्या दिवशी काका कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले.

त्या दुकानाचा मालक काकांचा शाळेतला मित्र. सगळे त्याला गोळीवाला म्हणत. त्याचं डोकं तुळतुळीत होतं. त्या दिवशीचं बोलणं मला पुढे दोघांनीही वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि दोघांचं जुळलं.

"खरं सांग," काका म्हणाले. "तेलाने येतील का?"

"तेलाने चमक येते. केस तुटायचे कमी होतात. डोकं चोळून घेतलं की बरं वाटतं. एवढं खरं."

"येतील का, ते सांग."

"नाही येणार. तुझे केस कोरडे पडून गेले नाहीत. शरीरात एक हार्मोन असतं, ते एकेका केसाचं मूळ बारीक करत नेतं. हे आतून चाललंय. वरून तू तेल घाल नाहीतर पेट्रोल घाल."

"मग काय करतात लोक?"

"एक पातळ औषध असतं डोक्याला लावायचं. ते रोज लावायचं, कायम. काहींना खाज सुटते. पहिले काही आठवडे आहेत तेही गळतात, मग लोक घाबरून सोडतात. दुसरी गोळी. ती त्या हार्मोनलाच अडवते. बऱ्याच जणांना गुण येतो, सगळ्यांना येतो असं नाही. पण बंद केली की वर्षभरात पुन्हा होतं तिथे."

"आणि त्रास?"

गोळीवाल्याने आजूबाजूला बघितलं. "बहुतेकांना नाही होत. काहींची इच्छा कमी होते. कसली ते कळलं ना? काहींचं मन उतरतं. हे बघ, मी तुला अशी देणार नाही. त्वचेच्या डॉक्टरकडे जा, चिठ्ठी आण. आणि पुढे कधी कुठल्याही डॉक्टरकडे गेलास, कशासाठीही, तर ही गोळी चालू आहे म्हणून सांगायचं."

"तू का नाही घेत?"

"मला कुणी बाटलीवर छापणार आहे का?"

काका चिठ्ठी घेऊन आले. गोळी त्यांनी कधी घरी नेली नाही. रोज सकाळी दूध आणायला बाहेर पडायचे, गोळीवाल्याच्या काउंटरशी उभे राहायचे, तो पाण्याचा पेला पुढे करायचा. गोळी मसुराच्या दाण्याएवढी. ती गिळून काका दूध घेऊन घरी यायचे आणि थोरले तेलाची वाटी घेऊन वाट बघत असायचे.

"थोडे आले की दादाला सांगणार होतो," काका मला शेवटी दवाखान्यात म्हणाले. "म्हणजे त्याला धीर येईल, आणि मग सांगू की बाबा, जोडीला गोळी पण आहे. तेवढंच मनात होतं."

काही महिने गेले. एका रविवारी डब्याचं झाकण मोठं पडलं. मग जॅमचं झाकण आलं. मग तेही मोठं पडलं. थोरल्यांनी झाकण बाजूला फेकलं, काकांचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि टाळूचा मुका घेतला. ते रडत होते. वडील गेले तेव्हाही ते रडले नव्हते.

"आता कसं सांगतोस?" काकांनी मला तिथेच विचारलं.

बाटलीवर फोटो छापले गेले. तेल खपायला लागलं. नातेवाईक आता बुडवण्याचं विचारेनासे झाले, बाटल्या मागायला लागले. घराला रंग लागला. थोरले ताठ चालायला लागले. प्रदर्शनात त्यांचा आवाज हॉलच्या दुसऱ्या टोकाला जायचा.

"गोळी कुठे जाते? पोटात. पोटातून? रक्तात. रक्तातून कुठे कुठे जाते, काय काय करते, तुम्हाला माहीत आहे का? मला नाही माहीत. अहो, केस डोक्यावर आणि औषध पोटात, हा कुठला हिशेब? निसर्गाचं घ्या. निसर्ग कधी अपाय करत नाही."

यातलं गोळी रक्तात जाते हे खरं होतं. ती तिथे काय काय करते हे थोरल्यांना माहीत नव्हतं, हेही खरं होतं. काका मान खाली घालून स्टुलावर बसलेले असायचे आणि ती गोळी त्यांच्या रक्तात असायची.

गोळीवाल्याला थोरले विषवाला म्हणायचे. प्रेमानेच म्हणायचे.

"काय रे विषवाल्या, आज किती जणांना पाजलंस?"

"तुमच्यापेक्षा कमीच, दादा. तुम्ही बाटलीने पाजता."

काका अशा वेळी बुटाची नाडी बांधायला वाकायचे.

तेलाने गुण आला नाही म्हणून काही लोक परत यायचे. थोरले त्यांना सांगायचे, मनापासून चोळलं नसेल. एकदा एक मुलगा आला. लग्न ठरलेला. वर्षभर चोळून त्याच्या कपाळावरचे केस अजून मागे गेले होते. थोरले नेमके बाहेर होते. मी पायरीवर होतो. मुलगा काकांना म्हणाला, "मी तुमचे केस स्वतः ओढले होते." एवढंच म्हणाला. काकांनी त्याला दारापर्यंत आणलं आणि हळूच सांगितलं, "कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे, तिथे विचार. डॉक्टरची चिठ्ठी लागेल. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस." मला तेव्हा वाटलं, काकांनी ब्याद टाळली.

साठी जवळ आली तसं काकांना स्टुलावरून सारखं उतरावं लागायला लागलं. लघवीला जायचे आणि बराच वेळ यायचे नाहीत. स्टुलापुढे टोपीवाले ताटकळायचे. थोरले चिडले, मग घाबरले, मग डॉक्टरकडे घेऊन गेले. धाकट्याला एकटं पाठवायची त्यांची रीत नव्हती. लहानपणी शाळेत सोडायलाही तेच जायचे.

डॉक्टरांनी त्रास विचारला. वय विचारलं. मग विचारलं, "सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

थोरले मोठ्याने हसले. "ओळखलं नाहीत का ह्याला?" त्यांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी बाटलीकडे बघितलं, काकांकडे बघितलं. दारातल्या नर्सबाई पुढे आल्या. "अगबाई, हे ते! आमच्या ह्यांनी ओढले होते यांचे केस."

"तुम्हीही ओढा, डॉक्टर," थोरले म्हणाले. "लाजू नका. तुमचेही पातळ व्हायला लागलेत."

डॉक्टर हसले आणि त्यांनी खरंच एक बट धरून ओढली. खोलीत सगळे हसत होते. मग डॉक्टरांनी पेन उचललं. "म्हणजे गोळ्या काहीच नाहीत?"

काकांनी थोरल्यांकडे बघितलं.

"मी आजवर एकही गोळी खाल्लेली नाही," काका म्हणाले.

त्यांना तेव्हा खोटं बोलतोय असं वाटलंही नाही. इतक्या वेळा म्हटलेलं वाक्य, जीभ आपोआप गेली. शिवाय दुखणं खालचं आणि गोळी केसांची. दोन्हींचा संबंध काय, असं त्यांना वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

संबंध होता. प्रोस्टेटमध्ये काही बिघाड असेल तर रक्तातला एक आकडा वाढतो. केसांची ती गोळी तो आकडा साधारण निम्म्यावर आणते. गोळी चालू आहे हे माहीत असलं की डॉक्टर आकडा दुप्पट करून वाचतात. काकांचा आकडा मर्यादेच्या आत आला. दुप्पट केला असता तर बाहेर गेला असता. पण गोळीच नव्हती, मग दुप्पट कशाला करायचा? बोटाने तपासलं, त्यातही काही लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे ग्रंथी मोठी होते, घाबरायचं कारण नाही, वर्षाने पुन्हा बघू. लघवी मोकळी व्हायला त्यांनी एक गोळी लिहून दिली.

"बघ, आयुष्यातली पहिली गोळी," थोरले काकांना म्हणाले. त्या दिवशी त्यांनी गल्लीत सगळ्यांना चहा पाजला. मीही प्यालो.

पुढच्या वर्षी आकडा थोडा वर सरकला होता. तरी मर्यादेच्या आतच.

मग काकांची कंबर दुखायला लागली. सगळ्यांना वाटलं, स्टुलाने दुखतेय. थोरल्यांनी स्टुलाला पाठ बसवून घेतली. दुखणं थांबेना तेव्हा त्यांनी स्वतःचं तेल कोमट करून काकांच्या पाठीला चोळायला सुरुवात केली. संध्याकाळी मी पायरीवरून बघायचो. काका पालथे पडलेले आणि थोरले गुडघ्यांवर बसून, बाह्या वर सारून चोळतायत. स्वतःचे गुडघे दुखत असताना. इतक्या मायेने कुणी कुणाची पाठ चोळलेली मी बघितलेली नाही. आत हाड पोखरलं जात होतं.

एक दिवस काकांना स्टुलावरून उतरता येईना. दवाखान्यात नेलं. तिथे स्कॅन काढले, रक्त काढलं. आकडा इतका मोठा होता की आता निम्मा काय न् दुप्पट काय. कॅन्सर प्रोस्टेटमधून मणक्यात गेला होता, बरगड्यांत गेला होता.

वॉर्डात नवा, तरुण डॉक्टर माहिती घ्यायला आला. थोरले तेव्हा चहा आणायला खाली गेले होते. डॉक्टरने तोच प्रश्न विचारला, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" आणि काकांनी या वेळी खरं सांगितलं. डॉक्टरने लिहायचं थांबवलं. कधीपासून, विचारलं. मग पलंगाच्या कडेवर बसून आकड्याचं सगळं समजावून सांगितलं. आधी कळलं असतं तर काही झालं असतं का, असं काकांनी विचारलं. डॉक्टर म्हणाला, "कदाचित."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. काकू खिडकीपाशी बसल्या होत्या. काकांनी मला जवळ बोलावलं.

"पुस्तक्या, तू मला नेहमी शेवट आधी सांगायचास. आज मी सांगतो."

त्यांनी सगळं सांगितलं. झाकण, चिठ्ठी, पाण्याचा पेला. ते सांगत होते माझ्याकडे बघून, पण ऐकवत होते काकूंना. काकूंना त्या दिवसापर्यंत काहीच माहीत नव्हतं. मध्येच त्या उठल्या आणि बाहेर गेल्या.

"दादाला सांगायचं नाही," काका म्हणाले.

"का, काका? आता काय उरलंय?"

"त्याला आयुष्यात एकच गोष्ट जमली रे. मी मेलो तर तो सोसेल. हे सोसणार नाही."

मी बाहेर आलो. काकू व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इतकी वर्षं हे भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मला वाटायचं, मीच यांच्या मनातून उतरले." थोड्या वेळाने म्हणाल्या, "एवढं तरी यांनी मला सांगायचं होतं."

उपचार म्हणून काकांना इंजेक्शनं दिली. ती इंजेक्शनंही तेच हार्मोन बंद करतात, असं गोळीवाल्याने मला सांगितलं. त्यामुळे गोळी सुटली तरी केस सुटले नाहीत. काकांचे गाल गेले, दंड गेले, डोळे आत गेले. उशीवर फक्त ते दाट केस, बाटलीवरच्यासारखे. भेटायला येणारे बघायचे आणि नजर चुकवायचे. थोरले रोज कंगवा घेऊन यायचे. "माझ्या धाकट्याचे केस बघा," ते शेजारच्या पेशंटला सांगायचे. "एवढी इंजेक्शनं घेऊनसुद्धा." काका डोळे मिटून पडलेले असायचे. थोरल्यांनी भांग पाडला की म्हणायचे, "छान झालं, दादा."

शेवटी काका गेले. केसाला धक्का लागला नाही, बाकी सगळा माणूस गेला.

महिनाभर कारखाना बंद होता. मग एक दिवस गल्लीत पुन्हा तो वास आला. मी पायरीवर जाऊन बसलो. पुस्तक नेलं नव्हतं. थोरले कढई ढवळत होते. काकू टेबलापाशी एकट्याच बाटल्यांना टोपणं लावत होत्या. थोरल्यांनी मला आत बोलावलं.

"पुस्तक्या, आज तुझं शिक्षण कामाला येऊ दे. नवी लेबलं छापतोय. धाकट्याच्या आठवणीसाठी. फोटोखाली एक ओळ टाकायची आहे. 'शेवटच्या श्वासापर्यंत दाट केस.' बरी वाटते का? की 'अखेरच्या' म्हणू?"

काकूंचा हात थांबला.  

"दादा, ती ओळ छापू नका."

गोळीवाला दारात उभा होता. काकूंची विचारपूस करायला आला होता.

"का रे विषवाल्या? खोटं आहे का?"

"केस होते, हे खरं आहे. तेलाने नव्हते." गोळीवाला आत आला. काकूंकडे बघितलं. काकूंनी त्याला थांबवलं नाही. मग त्याने एका जागी उभं राहून सगळं सांगितलं, जसं तो गिऱ्हाइकाला कुठली गोळी कधी घ्यायची ते सांगतो. थोरले ऐकत होते. त्यांच्या हातातला झारा कढईत तसाच होता.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज सकाळी. माझ्या काउंटरपाशी."

"माझा धाकटा?"

"हो, दादा."

"आणि त्या गोळीने तो..."

"गोळीने आजार झाला असं नाही. आजार आत होताच. तो लपून राहिला. डॉक्टरला गोळीचं माहीत असतं तर दोन वर्षं आधी दिसला असता. कदाचित वाचला असता. मी त्याला सांगितलं होतं, प्रत्येक डॉक्टरला सांग म्हणून. का सांगायचं ते मी सांगितलं नाही."

"डॉक्टरने विचारलं होतं," थोरले म्हणाले. "मी होतो तिथे. मी बाटली काढून दाखवली."

 थोरले शेगडीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते ओरडतील. किंवा खाली बसतील, त्या रविवारी बसले होते तसे. मी त्यांना धरायला एक पाऊल पुढे गेलो.

"म्हणजे केस," ते म्हणाले, "तेलाने नव्हते आले?"

गोळीवाल्याने मान हलवली. "नाही, दादा."

"थोडेसुद्धा?"

गोळीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी काकूंकडे बघितलं. काकू थोरल्यांकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून लिहिता येत नाही.

"सांग ना," थोरले म्हणाले. "थोडेसुद्धा नाही?"

कढईतून करपल्याचा वास यायला लागला. काकू उठल्या, शेगडीपाशी गेल्या आणि गॅस बंद केला.

"भाऊजी, झारा द्या इकडे," त्या म्हणाल्या.

थोरल्यांनी दिला नाही. ते ढवळायला लागले. खाली आच नव्हती. तरी ते ढवळत होते, तळाला लागू नये म्हणून ढवळतात तसे.